तपासून न घेतलेली साक्ष

अंबादास साळवे यांच्या टेबलावर रोज तीस-चाळीस प्रेशर गेज यायचे. कुठल्या बॉयलरवरचे, कुठल्या टॉवरच्या पाण्याच्या पंपावरचे. दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका वर्कशॉपमध्ये ते बावीस वर्षं हेच काम करत होते : दाब मोजणारा काटा खरं सांगतो की नाही ते बघायचं. एका बाजूला मास्टर गेज, म्हणजे ज्याचं खरं आहे हे आधी सिद्ध झालेलं आहे असा. दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाचा. दोघांना एकच दाब द्यायचा आणि फरक लिहायचा.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मला काच फुटलेला, काटा लोंबकळणारा एक गेज दाखवला. "हा धोक्याचा नाही, सुयश. याचं कुणीच खरं मानत नाही." मग दुसरा उचलला, चकचकीत. "हा बघ. शून्याला बरोबर, दहाला बरोबर, चाळीसला बरोबर. ऐंशीला गेला की साठ सांगतो. माणसं यानं मरतात."

त्यांची आणखी एक शिस्त होती. नोंद चुकली तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. चुकीच्या आकड्यावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. "चूक झाली हेसुद्धा रेकॉर्डच आहे," असं म्हणायचे.

मी इमारतींच्या पाइपलाइन डिझाइन करतो आणि आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीवर आहे. अंबादासकाका मंडळीतले सर्वांत जुने वडील, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक. शारजातल्या चर्च कंपाउंडमध्ये वरच्या मजल्यावरचा हॉल आम्हाला रविवारी दोन ते चार मिळतो. चार वाजता फिलिपिनो मंडळी गिटार घेऊन दाराबाहेर उभी असते, त्यामुळे आमचं 'आमेन' घड्याळ बघून होतं. तेव्हा चाळीसेक घरं होती. जालना, नगर, सोलापूर, थोडी सांगलीची. कायमचा पाळक नाही. चार वडीलच उपासना चालवायचे.

आमच्याकडे साक्षीला एक जुनी पद्धत होती. काकांच्या वडिलांनी ती जालन्याकडच्या त्यांच्या गावच्या मंडळीत पाळली होती, ती काकांनी इथे आणली. कुणी उभं राहून प्रभूने काय केलं ते सांगितलं, की काका तीन प्रश्न विचारायचे. कधी झालं? कुणी पाहिलं? तपासलं का? मग साक्षींच्या वहीत लिहायचे.

दत्ताराम भालेरावला सातव्या टेस्टला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं तेव्हा तो डोळे पुसत उभा राहिला होता.

"कुणी पाहिलं?" काकांनी विचारलं.

"पोलिसानेच पाहिलं ना काका, शेजारी बसला होता."

"तपासलं का? की तो कंटाळून 'खलास, झालं, जा' म्हणाला?"

हॉल हसला. दत्ताराम म्हणाला, "काका, कंटाळला असेल तर तोही प्रभूनेच कंटाळवला." तेही वहीत आहे.

या प्रश्नांनी कुणाचा विश्वास कमी झाल्याचं मला आठवत नाही. उलट जी साक्ष वहीत जायची तिला वजन असायचं.

शैलेंद्र दोन वर्षांपूर्वी आला. पुण्याचा, चाळिशीचा, कंपन्यांमध्ये मोठ्या साहेबांना ट्रेनिंग द्यायचा. राहायला दुबई मरीनात. आवाज असा की माइक बंद असला तरी मागच्या रांगेत ऐकू जावा. आणि एक गोष्ट इथेच लिहितो, कारण खोट्या शिकवणीची आमची ओळख तेवढीच होती : तो पैसे मागत नव्हता. दानाच्या थैलीला हातसुद्धा लावत नव्हता. आम्ही पैसे मागणाऱ्यांना ओळखायला शिकलो होतो. हा आमच्या कुठल्याच ओळखीत बसला नाही, म्हणून आम्ही त्याला खरा धरला.

थोड्याच दिवसांत उपदेश तोच करायला लागला. तो म्हणायचा, "डोळ्यांनी पाहून बोलता ती बातमी. न पाहता बोलता तो विश्वास. प्रभूला बातम्या नकोत."

त्याने 'आगाऊ साक्ष' सुरू केली. व्हिसा व्हायचा असेल तर झाला म्हणून उभं राहा. आजार जायचा असेल तर गेला म्हणून सांगा. मागून घडेल. आणि एकदा साक्ष दिली की तिच्या उलट शब्द तोंडातून काढायचा नाही. काढला तर आपणच आपला आशीर्वाद परत पाठवला.

तीन प्रश्न पहिल्याच महिन्यात बंद झाले. "साक्षीला उलटतपासणी? हे कोर्ट आहे का?" शैलेंद्रने हसत विचारलं होतं.

काका एकदा उभे राहिले. "ब्रदर, प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत शहरात आजारीच मागे ठेवलं आणि पुढे गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात आहे. तर विश्वास कुणाचा कमी पडला? पौलाचा की त्रफिमाचा?"

सगळ्या माना शैलेंद्रकडे वळल्या. मला आठवतं, मीही शैलेंद्रकडे बघितलं.

"काका," तो प्रेमाने म्हणाला, "तुम्ही आजाऱ्याकडे बघता. मी बरं करणाऱ्याकडे बघतो."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

काकांची बायको छायाताई टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढे होत्या.

छायाताई अल नहदातल्या एका नर्सरीत लहान मुलं सांभाळायच्या. त्या बोलायला लागल्या की लिफ्टचं दार उघडून तीनदा बंद व्हायचं. आमच्या रविवारच्या शाळेत गोष्ट सांगायच्या तेव्हा इंग्रजीत उत्तरं देणारी आमची पोरं तोंड उघडं टाकून मराठी ऐकायची. लहानपणी तापाने त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. बारा वर्षांपूर्वी पुण्यात ती बदलून धातूची बसवली. ती चालायची ती ऐकू यायची, मनगटी घड्याळासारखी बारीक टिकटिक. हॉलमध्ये मूक प्रार्थना असली की शेजारच्या खुर्चीपर्यंत यायची. "माझ्यात घड्याळ आहे, म्हणून मी कधी लेट नसते," म्हणायच्या. मुलगी मिहिका म्हणायची, "ममा, यू आर अ रोबोट."

त्या झडपेमुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागायची, आयुष्यभर. दर महिन्याला बोट टोचून तपासायचं. साध्या माणसाचा आकडा एक असतो, त्यांचा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. कमी झाला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. जरा टेबलाचा कोपरा लागला की हातावर काळानिळा डाग. दात घासताना हिरड्यांतून रक्त. मेथी, शेपू, पालक रोज सारख्याच मापाने खायचा, नाहीतर आकडा हलतो. आणि गोळीवर असताना गरोदर राहणं धोक्याचं, म्हणून मिहिकानंतर दुसरं मूल नाही. ही शेवटची गोष्ट त्या कधी बोलल्या नाहीत, पण नर्सरीतल्या प्रत्येक तान्ह्याचा फोटो त्यांच्या फोनमध्ये होता.

त्या कंटाळल्या होत्या. एवढंच. त्यांना फसवणं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. ज्याला बारा वर्षं काही दुखतंय त्याच्यासमोर 'झालं, संपलं' हा शब्द ठेवला की हात आपोआप पुढे जातो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी छायाताई साक्षीला उभ्या राहिल्या. "प्रभूने मला नवं हृदय दिलं आहे," म्हणाल्या. लोक रडायला लागले.

शैलेंद्र पुढच्या रांगेकडे वळला. "अंबादासकाका, बायको एकटीच उभी राहणार का?"

सगळे हसले. आमच्यात नवरा-बायकोच्या साक्षीला दोघं उभी राहतात, ती रीतच आहे. काका बसून राहिले असते तर चाळीस घरांसमोर बायकोला खोटं पाडलं असतं. ते उठले. मी त्यांचं तोंड बघत होतो, कारण मोबाइलवर व्हिडिओ मीच काढत होतो. त्यांनी काही विचारायला ओठ उघडले. छायाताईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांनी ओठ मिटले.

मग त्यांनी वहीत लिहिलं, आपल्या त्या सुंदर अक्षरात : छाया अंबादास साळवे. हृदयाच्या आजारातून बरी झाली.

व्हिडिओ मी त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकला. पुढे जालन्याच्या ग्रुपांवरही मीच पाठवला.

काकांनी मनाशी काय म्हटलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. बोलू दे तिला, गोळ्यांची डबी तर मीच भरतो. दर शनिवारी ते सात खण भरायचे, दर शुक्रवारी डबी रिकामी दिसायची. "डबी रिकामी म्हणजे गोळी पोटात," ते म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांचे गेज उघडून पाहिले. घरातली डबी वरवर पाहिली."

छायाताई गोळ्या कागदात गुंडाळून केराच्या पिशवीत टाकत होत्या. सात आठवडे. महिन्याची तपासणीही नर्सरीतून येताना करून आले, असं घरी सांगत होत्या.

एप्रिलच्या एका शनिवारी सकाळी मंडळीची पिकनिक होती, ममझारच्या बागेत. छायाताई अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात आल्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुलक्षणाताईंनी त्यांचा हात धरून सगळ्यांना फिरवून दाखवला. "बघा, एक डाग तरी आहे का? बघून घ्या गं!"

"हिरड्यांतून रक्तसुद्धा येत नाही," छायाताई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? टिकटिक पण बंद होत आलीये."

'हालेलूया' झाला. शैलेंद्रने हात वर केले.

अंबादासकाकांनी हातातली पावभाजीची प्लेट गवतावर ठेवली. ते उठले, बायकोच्या मागे गेले आणि सगळ्यांसमोर तिच्या पाठीला कान लावला. पन्नाशी उलटलेला माणूस, भर बागेत. कुणीतरी म्हणालं, "काका, घरी जाऊन लाड करा!" हशा झाला. काका हसले नाहीत. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

आवाज होता, पण फडक्यात गुंडाळल्यासारखा.

त्या संध्याकाळी काकांनी छायाताईंना ओढतच क्लिनिकमध्ये नेलं. आकडा आला एक पूर्णांक एक. म्हणजे गोळी न घेणाऱ्या माणसाचा. रक्त साधं झालं होतं, म्हणून डाग गेले होते, म्हणून हिरड्या कोरड्या होत्या. आणि आवाज मंदावला होता कारण झडपेवर काहीतरी साचत होतं. ज्याला आम्ही गुण म्हणत होतो ते सगळं आजाराचं काम होतं. डॉक्टर म्हणाली, आत्ता इंजेक्शन, आजच गोळी सुरू, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात हृदयाची सोनोग्राफी.

छायाताई खुर्चीवरून उठल्या. "मी साक्ष दिलीये. आता इंजेक्शन घेतलं तर मी प्रभूला खोटं पाडलं."

"अगं, प्रभूला नाही. मला खोटं पाड. मीपण उभा होतो ना?"

"तुमचा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता, अहो. ब्रदर घे म्हणाले तर घेईन."

म्हणून दुसऱ्या दिवशी उपासना झाल्यावर आम्ही मरीनाला गेलो. गाडी मी चालवत होतो. काकांना फक्त एक वाक्य हवं होतं. त्यासाठी ते एकतिसाव्या मजल्यावर चढले.

शैलेंद्रने दारातच मिठी मारली. खाली पाण्यात पांढऱ्या बोटी उभ्या होत्या. त्याची बायको पर्णिका कॉफी ठेवून आत गेली. काकांनी रिपोर्ट काचेच्या टेबलावर ठेवला.

शैलेंद्रने तो उचललाही नाही. "काका, मी कुणाला कधी गोळी बंद करा म्हटलंय? एक रेकॉर्डिंग दाखवा."

"नाही म्हटलंत. मान्य. म्हणूनच आलोय. आता घ्या म्हणा."

"म्हणजे?"

"मी फोन लावतो. तुम्ही म्हणा, छायाताई, गोळी घ्या. तीन शब्द. बाकी सगळं तुमचं खरं, मी परत कधी उभा राहणार नाही. माझी खुर्ची मागे टाका."

"काका, मी असं म्हटलं तर त्यांची साक्ष पडते."

"पडू दे. ती खरी नाही."

"आणि त्यांच्यामुळे ज्यांनी विश्वास धरला, त्यांचं काय? त्या रुचाच्या थायरॉइडचं काय?"

काका म्हणाले, "म्हणजे आणखी आहेत."

शैलेंद्र पुढे झुकला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, ते मी पाहिलं. तो ढोंगी असता तर हे लिहिणं सोपं झालं असतं. "मनाला विचारा काका. तुम्हाला ताईंची काळजी आहे, की आपण बरोबर ठरण्याची?"

"मला तिच्या झडपेची काळजी आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काचेवर रिपोर्टच्या शेजारी ठेवला.

दोन रिंग वाजल्या.

"हां, बोला." छायाताईंचा आवाज. मागे कुकरची शिटी. "अहो? पोचलात का? ब्रदर आहेत का तिथे? हॅलो?"

शैलेंद्र फोनकडे बघत होता. काका शैलेंद्रकडे बघत होते. मी मधे बसलो होतो, मलाही तोंड होतं.

"हॅलो? ब्रदर? ... हॅलो?"

शैलेंद्रने डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागला. प्रार्थना करत होता.

काकांनी फोन उचलला. "काही नाही गं. येतोच." उठताना त्यांनी रिपोर्टची नीट घडी घातली.

घरी पोचलो तेव्हा छायाताईंनी दार उघडलं, चेहरा शांत. "ब्रदर ऐकत होते ना? काहीच बोलले नाहीत. घे असं त्यांना वाटलं असतं तर बोलले असते."

सोमवारी काकांनी रजा टाकली. दिवसभर विनवलं, मिहिका रडली. शेवटी छायाताई म्हणाल्या, गुरुवारी सोनोग्राफीला येते, तुमच्या समाधानासाठी. मंगळवारी काका कामावर गेले. बोर्डाची परीक्षा संपल्यामुळे मिहिका घरीच होती. पावणेनऊला तिचा फोन आला. "बाबा, ममा इज नॉट मेकिंग सेन्स. पोहे करत होती आणि... बाबा, शी कान्ट से माय नेम."

अल क्वोजहून शारजाला घरी पोचायला किती वेळ लागतो ते इथल्या कुणालाही विचारा. ॲम्ब्युलन्स आधी पोचली. झडपेवरच्या गुठळीचा तुकडा मेंदूत गेला होता. उजवा हात आणि पाय पुढे बऱ्यापैकी सुधारले. झडपही सहा आठवड्यांनी पुन्हा बदलली. बोलणं गेलं. ज्या बाईमुळे लिफ्ट थांबायची तिच्याकडे 'हो' एवढा एक शब्द उरला. चहा हवा का, हो. नको का, हो. रडतेस का, हो.

शैलेंद्र तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आला, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्या आठवड्यात ग्रुपवर त्याचा व्हॉइस मेसेज आला. नाव कुणाचंच नव्हतं. "एका घरात दोन मनं असली की आशीर्वाद दारातून परत जातो. आपण दोष देऊ नये. फक्त शिकावं."

सगळे शिकले. सुलक्षणाताई काकांना लिफ्टमध्ये म्हणाल्या, "भाऊजी, राग मानू नका. बागेत तुम्ही कान लावलात ना, तेव्हाच मला भीती वाटली. संशय तिथून शिरला."

काकांनी फक्त मजल्याचं बटण दाबलं.

दोन महिन्यांत तीस घरं शैलेंद्रबरोबर गेली. त्यांची सभा आता ऑनलाइन असते, फार छान चालते म्हणतात. रुचाने थायरॉइडची गोळी परत सुरू केली, पण गुपचूप, असं दत्तारामच्या बायकोने सांगितलं. गुपचूप का, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

व्हिडिओ मी ग्रुपवरून काढला. तो तोपर्यंत कुठे कुठे गेला होता याचा हिशेब नाही. पावसाळ्यात जालन्याहून एका बाईंचा काकांना फोन आला. त्यांच्या भावाचीही झडप बदललेली. "तुमच्या मिसेसची साक्ष आमच्याकडे दर रविवारी लावतात. दादाला बोलायचंय त्यांच्याशी."

"ती बोलू शकत नाही," काका म्हणाले. आणि सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

पलीकडून बाई म्हणाल्या, "आम्हाला सांगितलं होतं, विरोधक असंच काहीतरी सांगतील," आणि फोन बंद झाला. काकांनी त्या नंबरवर अकरा वेळा फोन केला. मग नंबर मला दिला, माझ्या फोनवरून लावून बघ म्हणून. कुणी उचलला नाही. त्या भावाचं काय झालं ते आम्हाला आजही माहीत नाही.

वर्कशॉपमध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर हारुनभाई बसतात, मलबारकडचे. बायकोच्या आजारपणात काकांची अर्धी कामं त्यांनी केली. एकदा मी तिथे असताना त्यांनी विचारलं, "अंबादासभाई, इतना सब हुआ, फिर भी आप संडे को जाते हो?"

काका मास्टर गेज पुसत होते. "गेज झूठा निकला तो प्रेशर थोड़े झूठा होता है, हारुनभाई."

"हाँ, वो तो है." हारुनभाईंनी मान हलवली. "लेकिन दिल?"

"दिल दुखता है. दुखते हुए जाता हूँ."

ते खरंच जात होते. दर रविवारी पावणेदोनला हॉल उघडायचे आणि शंभर खुर्च्या मांडायचे. आम्ही चौदा जण. मी म्हटलं, "काका, वीस पुरेत." ते म्हणाले, "जे गेले त्यांची जागा आपण का कमी करायची?" त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता. छायाताईंना शेवटच्या रांगेत बसवून त्यांच्या मांडीवर पर्स ठेवायचे, तिच्यात गोळी आणि तपासणीचं कार्ड.

ते प्रार्थनाही करायचे, बायको बोलू दे म्हणून, अगदी उघड, नाव घेऊन. "तो बरं करतो यावर माझा विश्वास आहे," मला म्हणाले होते. "त्याने करायच्या आधीच केलं म्हणून सांगायचं, हे खोटं बोलणं आहे. त्याच्या नावाने."

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सुलक्षणाताई आल्या. नाताळ जवळ आला की जुन्या हॉलची आठवण येते. छायाताईंच्या शेजारी बसून त्यांनी त्यांचा हात धरला. आम्ही एक जुनं गीत घेतलं, आमच्या आज्या दळताना म्हणायच्या तसल्या चालीचं. दुसऱ्या कडव्याला मागून एक आवाज आला. भरलेला, शब्द स्वच्छ.

छायाताई गात होत्या. आठ महिन्यांत 'हो'च्या पलीकडे एक शब्द न बोललेल्या छायाताई कडवंच्या कडवं म्हणत होत्या, एक अक्षर न चुकता.

पेटी वाजवणारा थांबला. त्या थांबल्या नाहीत. गीत संपेपर्यंत गायल्या. मग सुलक्षणाताई ओरडल्या, "वाचा आली! प्रभूने वाचा दिली!" त्या रडत होत्या. दत्ताराम गुडघ्यांवर बसला. मी, ज्याने सगळं पाहिलं होतं, मीसुद्धा खिशातून फोन काढला होता. कॅमेरा चालू केला होता. हे मी माझ्याविरुद्ध लिहून ठेवतो.

"सुयश, फोन ठेव," काका म्हणाले.

ते बायकोसमोर खुर्ची ओढून बसले. त्यांना किती वाटत असेल, याची मी नुसती कल्पना करू शकतो. हॉलमधल्या सगळ्यांपेक्षा त्यांनाच ते खरं व्हायला हवं होतं.

"छाया," त्यांनी विचारलं, "माझं नाव काय?"

"भाऊजी, आत्ता नको!" सुलक्षणाताई म्हणाल्या.

"माझं नाव सांग."

छायाताईंचा चेहरा आत्ताआत्तापर्यंत उजळलेला होता. त्यांनी ओठ जुळवले. कपाळावर आठ्या आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, वर पाहिलं, पुन्हा ओठ जुळवले.

"हो," त्या म्हणाल्या. आणि त्यांना कळलं. त्यांनी तोंड पदरात घातलं.

काकांनी त्यांचं डोकं आपल्या खांद्याला टेकवलं आणि तसंच आम्हाला सांगितलं, "गाणं मेंदूत वेगळ्या बाजूला असतं. बोलणं गेलेली माणसं गातात. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, एखाद्या दिवशी गाईल. घाबरू नका म्हणाले होते." त्यांनी छायाताईंच्या केसांवरून हात फिरवला. "घाबरू नका, एवढंच म्हणाले होते. बोलेल, असं नव्हते म्हणाले."

सुलक्षणाताई उठल्या. "तुम्ही तिला कधीच बरं होऊ देणार नाही," म्हणाल्या आणि दार ढकलून निघून गेल्या. दाराबाहेर गिटारवाले वाट बघत होते. चार वाजले होते.

खुर्च्या उचलून झाल्यावर काकांनी साक्षींची वही मागितली. जिन्याच्या कठड्यावर ठेवून फेब्रुवारीचं पान उघडलं. माझ्याकडून पेन आणि मोबाइलची कड घेतली, सरळ रेघेसाठी. 'हृदयाच्या आजारातून बरी झाली' या शब्दांवरून एकच रेघ मारली. खालचं सगळं वाचता येतं. शेजारी लिहिलं : बरी झाली नाही. वाचा गेली. गाणं राहिलं, त्याबद्दल प्रभूची स्तुती. गोळी चालू.

मग सही केली, तारीख घातली. कारण लिहायला ते जरा थांबले. छायाताई खालच्या पायरीवर उभ्या होत्या. जिन्यात शांतता होती, नव्या झडपेची टिकटिक वरपर्यंत येत होती.

त्यांनी लिहिलं : मी शेजारी उभा होतो. तपासलं नाही.

पेन माझ्याकडे दिलं. मीही खाली सही केली.